लहान मुलांसाठी स्पॅनिश बडबडगीतं कशी शोधायची

आम्ही टेक्ससमधे राहतो, मुलगी डेकेअरला जायला लागली आणि तिसऱ्याच आठवड्यात घरी येऊन "पीओ पीओ पीओ" करायला लागली. मला वाटलं हिला काहीतरी प्यायला हवंय, दोनदा दूध दिलं, दोनदा ढकललं, मग तिथल्या ताईंना विचारल्यावर कळलं की ते कोंबडीच्या पिल्लांचं स्पॅनिश गाणं आहे. तेव्हापासून शोधाशोध सुरू झाली, त्यात जे हाती लागलं ते सांगते.

पहिलं म्हणजे इंग्लिशमधून सर्च करू नका. तसं केलं की इंग्लिश गाण्यांचीच स्पॅनिश भाषांतरं समोर येतात, चांदणीचं नाहीतर बसच्या चाकांचं, चाल तीच आणि शब्द ओढूनताणून बसवलेले. वाईट नाहीत, पण स्पॅनिश बोलणाऱ्या आजीच्या तोंडची गाणी नाहीत ती. त्यापेक्षा फोनच्या कीबोर्डमधे स्पॅनिश ॲड करा आणि माइक दाबून बोला, स्पेलिंगची कटकटच नाही. बोलायचं काय, तर सगळ्या बालगीतांसाठी 'कान्सिओनेस इन्फान्तिलेस', अंगाईसाठी 'कान्सिओनेस दे कुना' (स्पेनमधे अंगाईला 'नानास' म्हणतात), फेर धरून म्हणायच्या गाण्यांना 'रोंदास' आणि बोटांच्या खेळांना 'हुएगोस दे देदोस'.

सुरुवात बोटांपासूनच करा, हे माझं ठाम मत. आपलं करंगळी मरंगळी मधलं बोट चाफेकळी आहे ना, तसंच त्यांच्याकडे आहे, एका बोटाने अंडं विकत आणलं, एकाने शिजवलं, एकाने मीठ टाकलं आणि शेवटी जाड्या अंगठ्याने खाऊन टाकलं! 'सिंको लोबीतोस' म्हणजे लांडगीची पाच पिल्लं, त्यात नुसता हात मनगटातून गोल गोल फिरवायचा, सहा महिन्यांचं बाळही बघत बसतं. आणि मूल पडलं की आपण फुंकर घालतो तसं ते 'साना साना, कोलीता दे राना' म्हणतात, म्हणजे बरा हो बरा हो बेडकाच्या शेपटी, आता बेडकाला शेपटी कुठून आली ते विचारू नका. याला ना व्हिडिओ लागतो ना सूर, आणि शब्दाचा अर्थ हातातूनच कळतो.

मग गाण्यांकडे वळा. पिल्लांचं ते गाणं, 'लोस पोयीतोस दिसेन', चिलीच्या इस्माएल पार्रागेस यांचं, 1907 सालचं. पिल्लं भूक लागली की आणि थंडी वाजली की पीओ पीओ करतात आणि आई त्यांना दाणे शोधून आणते, बस एवढंच. आकडे शिकवायचे तर 'उन एलेफान्ते', एक हत्ती कोळ्याच्या जाळ्यावर झोके घेतो, जाळं तुटत नाही म्हणून दुसऱ्याला बोलावतो, मग तिसऱ्याला, तुमचा दम संपेपर्यंत.

देशाचं नाव टाकून शोधलं की खरा खजिना निघतो. मेक्सिको टाका, क्री-क्री सापडेल, म्हणजे फ्रान्सिस्को गाबिलोन्दो सोलेर, 1934 पासून रेडिओवर मुलांसाठी गाणारा रातकिडा. त्याची बदकीण टोपली घेऊन बाजारात जाते आणि नवरा घरी आळशासारखा पडलेला, हे ऐकून माझी आई खूप हसली. अर्जेंटिना टाका की मारिया एलेना वाल्श ही कवयित्री-गायिका, तिची मानुएलिता नावाची कासवीण पेउआहो गावातून सुंदर व्हायला थेट पॅरिसला निघते, त्या गावात तिचा पुतळासुद्धा आहे. उच्चार मात्र बदलतात हं, मेक्सिकोत 'पोयीतोस' तर ब्युनोस आयर्सला 'पोशीतोस', आणि 'दिसेन'चं स्पेनमधे बऱ्याच ठिकाणी 'दिथेन' होतं. घाबरू नका, पण मूल ज्यांच्याकडून स्पॅनिश ऐकतंय त्यांच्याच देशाचं आधी लावा, नाहीतर गोंधळ तुमचाच होतो, मुलाचा नाही.

लिरिक्स वाचल्याशिवाय गाणं लावू नका. जुन्या गाण्यांत काहीही असतं. 'दोन फेदेरीको' हे टाळ्यांचं गाणं इतकं गोड वाटतं, आणि पहिल्याच ओळीत तो बायकोला मारून तिचा खिमा करतो. 'ला कुकाराचा' या झुरळाच्या फेमस गाण्याच्या एका जुन्या कडव्यात तर गांजा आहे. 'आर्रोस कोन लेचे'मधे लग्नासाठी शिवणटिपण येणारी मुलगी हवीये, ते मी लावते पण शब्द बदलून म्हणते. गाण्याच्या नावापुढे 'लेत्रा' बोललात की शब्द मिळतात, ते ट्रान्सलेटरमधे टाकायचे, पाच मिनिटांचं काम. मामा लिसाज वर्ल्ड या साइटवर बऱ्याच गाण्यांचे शब्द आणि इंग्लिश अर्थ शेजारी शेजारी दिलेत.

यूट्यूबवर रंगीबेरंगी ॲनिमेशनचा ढीग आहे, पण मी फोन उलटा ठेवून फक्त आवाज ऐकवते, स्पीड 0.75 करून आधी स्वतः शिकते. आठवड्याला एकच गाणं, आंघोळीच्या वेळी तेच, गाडीतही तेच. दहा गाण्यांची प्लेलिस्ट केली होती, एकही धड आलं नाही.

आणि ओळखीत कोणी स्पॅनिश बोलणारं असेल, शेजारीण, डेकेअरमधल्या ताई, तर सरळ विचारा की तुमची आई काय म्हणायची, आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. आमच्या ताईंनी अंड्याचं जे म्हणून दाखवलं त्यात मीठ टाकणारं बोटच वेगळं होतं, आता आमच्या घरी तेच चालतं.