कुटी घराणं कसं ऐकायचं (ग्वाल्हेरी कानांसाठी)

आपल्या ग्वाल्हेरात घराणं म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. एकाच घरातले गवई, शंकरराव पंडित, मग कृष्णराव, मग लक्ष्मणराव, मग मीताताई, आणि लष्कर भागातल्या दर मराठी घरात एक काका असतातच जे तान संपायच्या आत म्हणतात "छान आहे, पण आजोबांचं वेगळंच होतं". नायजेरियातल्या फेला कुटीचं आणि त्याच्या मुलानातवाचं अफ्रोबीट ऐकताना त्या काकांना आधी दुसऱ्या खोलीत बसवा.

पहिली गोष्ट, सर्च करताना शेवटचा 'स' टाकू नका. अफ्रोबीट्स म्हणजे हल्लीचं नायजेरियन पॉप, बर्ना बॉय वगैरे (त्याचे आजोबा फेलाचे मॅनेजर होते, ते असो), आपल्याला हवंय ते अफ्रोबीट, फेला कुटीनं लागोसमध्ये उभं केलेलं.

दुसरी, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मी तेच केलं आणि नुसता ब्रासचा गोंगाट ऐकू आला, वरातीतला बँड वाटला अक्षरशः. सगळा जीव खाली बास गिटारमध्ये असतो, साधा वायरवाला हेडफोनही चालेल.

आता सुरुवात फेलाच्या 1976 च्या 'झोंबी' (Zombie) या गाण्यापासून करा. बारा मिनिटांचं आहे आणि फेलाचा आवाज यायलाच पाचेक मिनिटं लागतात, फॉरवर्ड करायचं नाही, आपण विलंबितात करतो का? बास आणि गिटार तबल्यामागच्या लेहऱ्यासारखे तेच तेच धरून बसतात, त्यातली एक गिटार धरा आणि पूर्ण गाण्यात तिला सोडू नका. माझी आई बाहेरून म्हणाली, "अगं, ते अडकलंय का कुठे?" अडकलेलं नसतं, ठेका मुरत असतो. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ड्रम ऐका, टोनी ॲलनचे दोन हात दोन पाय चार वेगळी माणसं असल्यासारखे चालतात. आणि शब्द सैन्याची टिंगल करणारे आहेत, 1977 मध्ये सैनिकांनी फेलाचं घर जाळलं, त्याच्या आईला खिडकीतून फेकलं, पुढच्या वर्षी ती गेली. हे माहीत असलं की गाणं नाचायचं वाटत नाही, तरी पाय हलतातच.

फेलाची एक सवय आपल्याला पचणार नाही: गाणं रेकॉर्ड झालं की ते स्टेजवर वाजवणं तो बंद करायचा. आपण एक बंदिश दीडशे वर्षं गातो! म्हणून मुलांकडून जुनीच गाणी मागू नका, मुलं नवीन गाणी करतात हाच त्या घरचा रिवाज.

स्वतः बँड चालवणारी मुलं दोन. धाकटा शॉन, 1997 मध्ये वडील गेले तेव्हा 14 वर्षांचा, तेव्हापासून वडिलांचाच इजिप्ट 80 बँड चालवतोय, त्याचा 2024 चा 'हेवियर येट' अल्बम सहाच गाण्यांचा आहे, एका बैठकीत होतो. मोठा फेमी 1986 मध्ये वडिलांच्या बँडमधून बाहेर पडला आणि स्वतःचा पॉझिटिव्ह फोर्स काढला, त्याची गाणी आटोपशीर, छोटा ख्याल म्हणा. मला शॉनचा आवाज जास्त आवडतो पण गाणी फेमीची लक्षात राहतात, का ते नाही सांगता येत.

मग खरी मजा, 2021 चा 'लेगसी प्लस'. बाप-लेकाचे दोन अल्बम एकत्र, फेमीचा 'स्टॉप द हेट' आणि त्याच्या मुलाचा, मादेचा 'फॉरवर्ड'. मादे लंडनला संगीत शिकून आला आणि स्वतःच्या अल्बममध्ये सगळी वाद्यं त्यानंच वाजवलीत. आधी बापाचं एक, लगेच मुलाचं एक, असं आलटून पालटून लावा. ठेका घरचाच आहे, पण मादे मध्येच मोडतो, थांबवतो, सम येईल वाटतं आणि येत नाही. 'डिफरंट स्ट्रीट्स'मध्ये तो बोलतो की आजोबा, म्हणजे फेला, काही भविष्य सांगत नव्हते, तेच प्रश्न अजून तसेच आहेत ही भीतीची गोष्ट आहे. तिथे मी परत जाऊन 'झोंबी' लावलं होतं.

एवढं झाल्यावर फेलाच्या आजोबांकडे जा. ते पाद्री होते, 1920 च्या दशकात लंडनला जाऊन झोनोफोन कंपनीसाठी त्यांनी योरुबा भाषेत भजनं रेकॉर्ड केलीत. खरखर खूप आहे, यासाठी मात्र हेडफोन काढा, आईलाही बोलवा, हे तिला आवडेल.