इंजिन नव्याने बांधलंय? टर्बोला आधी तेल पाजा

रिबिल्डनंतर पहिल्यांदा चावी फिरवली की तेल वरपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. टर्बोचा (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि तरंगतो फक्त तेलाच्या पातळ थरावर. तेवढ्या कोरड्या सेकंदांतही नव्या बेअरिंगवर ओरखडे उठतात.

१. स्पार्क प्लग काढा. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि कॉइलचे (ठिणगीला वीज देणाऱ्या) कनेक्टरही सोडवा, म्हणजे स्टार्टर मारला तरी इंजिन सुरू होणार नाही.

२. टर्बोवरचा तेलाच्या पाइपचा बोल्ट खोला. त्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल थेंबथेंब सोडत कॉम्प्रेसरचं चाक (टर्बोचं हवा ओढणारं चाक) बोटाने हळूहळू फिरवा. चाक आधी सुळकन फिरतं, तेल आत मुरलं की किंचित जड लागतं.

३. पाइपाचं मोकळं टोक डब्यात धरून स्टार्टर मारा. एका वेळी दहाच सेकंद, मग मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर तापेल. आधी फसफसत बुडबुडे येतात. सलग धार लागेपर्यंत चालू ठेवा.

४. नवे तांब्याचे वॉशर घालून पाइप जोडा (जुने वापरलेत तर गळती ठरलेलीच) आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत पुन्हा स्टार्टर मारा.

मग प्लग-कनेक्टर लावून गाडी सुरू करा. दोन-तीन मिनिटं नुसती आयडलवर. टर्बोची शिट्टी ऐकायची घाई नको.

एक सांभाळा: तेलाच्या पाइपाच्या जोडाला सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याचा तुकडा सुटून बारीक भोकात अडकला, की टर्बो पुन्हा कोरडा.