ग्रुपने कारगिल-लेहला निघताय? सोलापुरातूनच सुरू होणाऱ्या या चुका टाळा

अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर एका दिवसात उरकायचं आणि रात्री जेवायला घरी यायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. आम्ही सतरा जणांनी लडाखचा कार्यक्रमही त्याच हिशोबाने आखला होता. दिल्लीहून विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला ही उंच खिंड, परतताना द्रासच्या युद्धस्मारकाला 'धावती भेट'. पुढे जे बिघडलं ते सगळं त्या वेळापत्रकातून बिघडलं. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा कागदावर बऱ्याच जागा मोकळ्या सोडल्या होत्या.

'पित्त झालंय' म्हणून अंगावर काढणं

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर आणि खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश असतो, खिंडीत जेमतेम निम्मा. घरून नेलेली शेंगा चटणीची सीलबंद पाकिटं लेहच्या खोलीत फुग्यासारखी टम्म झाली होती. आम्ही त्याचे फोटो काढले, पण आपल्या शरीरालाही तीच हवा मिळते आहे हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आमच्यातले एक काका रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाणारे, अगदी काटक. पहिल्या रात्री त्यांचं डोकं ठणकलं, सकाळी उलटी झाली. 'पित्त उठलंय,' म्हणाले, गोळी घेतली आणि गाडीत बसले. खिंडीच्या अलीकडे चहाला उतरले तर पाय वाकडे पडायला लागले. स्थानिक चालकाने ते पाहिलं आणि आम्हाला न विचारता गाडी वळवली. लेहला रुग्णालयात ऑक्सिजन लावल्यावर ते सावरले. त्या चालकाचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून उंचीवर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं यातलं काहीही झालं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच झालंय असं धरा आणि त्या दिवशी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, सरळ रेषेत चालता येईना किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मध्यरात्र असली तरी त्याला खाली आणा आणि डॉक्टर गाठा. झोपेची गोळी देऊ नका. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्ये निव्वळ आराम. ३,००० मीटरच्या वर आदल्या रात्रीपेक्षा सुमारे ५०० मीटरहून जास्त उंचीवर मुक्काम नको. विमानापेक्षा श्रीनगरहून सोनमर्ग, कारगिल असं रस्त्याने जाणं बरं, शरीर हळूहळू रुळतं. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगावं.

द्रासला चाळीस मिनिटं देणं

मला सगळ्यात जास्त खंत आहे ती याची. पहिल्यांदा आम्ही युद्धस्मारकात गेलो, झेंड्यासमोर फोटो काढले, स्वच्छतागृह शोधलं आणि निघालो. दुसऱ्यांदा द्रासला मुक्काम केला. सकाळी एक जवान बोट वर करून तोलोलिंग दाखवत होता. स्मारक त्या डोंगराच्या पायथ्याशीच आहे आणि श्रीनगर-लेह महामार्ग स्मारकाच्या दारावरून जातो. तिथे मान वर केली की १९९९ चं युद्ध का झालं ते नकाशाशिवाय कळतं. वर बसलेल्या शत्रूला खालचा प्रत्येक ट्रक दिसत होता, आणि लडाखची रसद याच रस्त्याने जात होती. आपल्या जवानांना तो उघडा उतार रात्रीच्या अंधारात चढायचा होता. १३ जूनला तोलोलिंग हाती आलं, ४ जुलैला टायगर हिल. या युद्धात ५२७ जवान गेले. त्यांची नावं भिंतीवर आहेत, ती वाचायला वेळ ठेवा.

जवान सांगत असताना आमच्यातल्या दोघांनी त्याला मध्येच थांबवून सेल्फी मागितली. सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आपण ज्या अदबीने उभे राहतो, तसंच इथेही उभं राहावं. फोटो नंतर काढता येतो. आणि द्रास-कारगिलच्या लोकांना 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' असलं काही कृपा करून विचारू नका. आमच्या गाडीत कुणीतरी विचारलं आणि चालकाचा चेहरा उतरला. तोफगोळे याच लोकांच्या घरांवर पडले होते, आणि सैन्यासाठी पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढणाऱ्यांत इथली माणसं होती.

२६ जुलैला कारगिल विजय दिवस असतो. त्या दिवशी मोठी गर्दी आणि कडक बंदोबस्त असतो. ज्येष्ठांना शांतपणे पाहायचं असेल तर आधी किंवा नंतर या.

श्रीनगरहून द्रासला जाताना लागणारा झोजिलाही नुसता 'खतरनाक घाट' म्हणून व्हिडिओ काढत ओलांडू नका. पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, १ नोव्हेंबर १९४८ ला, या साडेतीन हजार मीटरच्या खिंडीत जनरल थिमय्यांच्या फौजेने रणगाडे चढवले होते. गाडी तिथल्या चिखलात रुतली की त्याचा अर्थ नीट कळतो.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. ग्रुपमध्ये निदान तिघांकडे पोस्टपेड हवं, नाहीतर दोन गाड्यांची चुकामूक झाली की सगळा दिवस शोधाशोधीत जातो. आधारचं मूळ कार्ड प्रत्येकाने स्वतःच्या खिशात ठेवावं. सगळ्यांची कार्डं एकाच पिशवीत आणि ती पिशवी मागच्या गाडीत, हे आमचं झालं आहे. लष्करी ताफे, छावण्या, पूल यांचे फोटो नकोत. ड्रोन घरीच ठेवा. डोंगरात पडलेला लोखंडाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, तो न फुटलेला गोळाही असू शकतो. श्रीनगरची टॅक्सी लेहपर्यंत सोडते, पुढच्या फिरण्यासाठी तिथलीच गाडी घ्यावी लागते, तेव्हा बजेट दोन भागांत करा.

आचारी सोबत नेणार असाल तर मोठा कुकर न्याच. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. आणि कडक भाकरी भरपूर घ्या. रस्ता बंद पडून सात तास गाडीत बसलो तेव्हा भाकरी, शेंगा चटणी आणि कांदा यावर सतरा जणांचं भागलं, शेजारच्या गाडीतल्या दोन पोरांनाही दिली.

परतीचं आरक्षण घट्ट ठेवणं

दरड कोसळली की झोजिला बंद होतो आणि तो कधी उघडेल ते तुमच्या तिकिटावर ठरत नाही. आमची दिल्लीहून कर्नाटक एक्सप्रेस अशीच चुकली, सतरा तिकिटं वाया गेली. आता दिल्लीत दोन रात्री मोकळ्या ठेवतो. रस्ता सुरळीत राहिला तर तो वेळ इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय समर स्मारकाला द्यावा. तिथे परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर तोफांच्या माऱ्याखाली सुरुंग काढत रणगाड्यांना रस्ता करून देणारे बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे राम राघोबा राणे त्यांत आहेत. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ते नाव तिथे पहिल्यांदा वाचलं.