विमानात बसून रेडिएशन कसं मोजायचं

खिशात मावणारा गॅमा डिटेक्टर घ्या, शक्यतो सिझियम आयोडाइड क्रिस्टलवाला, कारण साधी गायगर ट्यूब नुसती टिकटिक मोजते, किरणांची एनर्जी तिला कळत नाही. लिथियम बॅटरी असते म्हणून केबिन बॅगेतच ठेवा, आणि सिक्युरिटीच्या एक्स-रे मशीनमधून गेला की लॉगमध्ये मोठ्ठा स्पाइक येतो, तो नंतर काढून टाका नाहीतर सरासरीची वाट लागते.

लॉगिंग गेटवरच चालू करा. अर्धा तास दिलात तर स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या एनर्जीचे किती किरण आले त्याच्या आलेखात, 1460 केइव्हीपाशी (केइव्ही हे एनर्जीचं एकक) पोटॅशियम-40 या नैसर्गिक किरणोत्सारी पोटॅशियमचं टेकाड दिसेल, ते फरशी, काँक्रीट, मातीतून येतं. खरी गंमत टेकऑफनंतर, आकडा आधी चक्क खाली येतो, कारण जमीन लांब गेलेली असते आणि अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण अजून कमीच असतात, मग एखाद-दोन किलोमीटरनंतर चढायला लागतो तो चढतच जातो. विमान वर स्थिरावलं की नवा स्पेक्ट्रम सुरू करा, तासभर तरी राहू दे. पोटॅशियम गायब आणि 511 केइव्हीला पॉझिट्रॉनवालं (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भार असलेला जुळा भाऊ) टेकाड हजर!

उंचीसाठी फोन खिडकीला लावून जीपीएस घ्या, फ्लाइट मोडमध्येही चालतं. बॅरोमीटरचं ऐकू नका, तो केबिनचं प्रेशर सांगतो.

डोसच्या, म्हणजे शरीराला किती रेडिएशन मिळालं त्याच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. असली यंत्रं सहसा सिझियम-137 या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांवर कॅलिब्रेट केलेली असतात आणि न्यूट्रॉनचा डोस धरतच नाहीत, त्यामुळे खरा डोस जास्तच असतो. तुलना करायला मस्त, बस्स. मुंबई-चेन्नई आणि मुंबई-लंडन एकाच उंचीवर लावून बघा, लंडनकडे आकडा वाढलेला दिसेल कारण विषुववृत्ताकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जास्त कण परतवून लावतं.