१४४ हर्ट्झचा मॉनिटर, तरी खेळ अडखळतोच

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. भाच्यानं १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरी दुपारी व्हॅलोरंट हा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ अडखळायचाच. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो हर्ट्झमधला आकडा, ६० वरच होता. तो १४४ केला. चित्र १६.७ ऐवजी ६.९ मिलिसेकंदांनी बदलू लागलं, डोळ्यांना फरक लगेच जाणवला. अडखळणं मात्र तसंच. खरं दुखणं उष्णतेचं होतं: प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. मग पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली, कॅबिनेट भिंतीपासून सरकवलं. तेव्हा कुठे खेळ सुरळीत झाला. महागडा माउस, हेडफोन माझ्या मते यानंतरच. इकडच्या धुळीत ही सफाई दर उन्हाळ्याआधी करावीच लागते.