हायब्रिड गाडीचे टायर बदलताना या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या हातखंबा तिठ्यापाशी माझे टायर आणि व्हील अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) दुकान आहे. २०२२ मध्ये ग्रँड विटारा, हायरायडर आणि सिटी यांच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेल्या गाड्या बाजारात आल्या, आणि त्या सुमारास घेतलेल्या गाड्यांचे कंपनीतून आलेले टायर आता एकेक करून संपत आहेत. त्यामुळे हल्ली आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी दुकानाच्या पायरीवर उभे राहून तेच विचारते: "टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडले, बॅटरी गेली असेल का हो?" बॅटरी सहसा गेलेली नसते. चूक टायर निवडताना, हवा भरताना किंवा अ‍ॅव्हरेज मोजताना झालेली असते, आणि ती बहुतेक वेळा त्याच पाच-सहा चुकांपैकी एक असते, म्हणून त्या एकदाच लिहून ठेवतो.

साध्या पेट्रोल गाडीत सिग्नलला आणि बाजारपेठेच्या गर्दीत इंजिन फुकट चालू राहते, आणि त्या उधळपट्टीत टायरचा दोष झाकून जातो. हायब्रिड गाडी ती उधळपट्टी थांबवते, म्हणून टायरचा दोष उघडा पडतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद होते आणि गाडी आपल्या वेगाने घरंगळत राहते. टायर जड चालणारा असेल तर तो वेग लवकर मरतो, पाय पुन्हा खाली जातो, आणि एरवी आणखी शंभर पावले गप्प बसले असते ते इंजिन आधीच सुरू होते. टायर रस्त्याला टेकतो तेथे दबतो, पुढे जाऊन पुन्हा फुलतो, आणि या दबण्याफुलण्यात रबर तापून जी ताकद वाया जाते तिला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो दहा टक्क्यांनी वाढला तर इंधन साधारण एक ते दोन टक्के जास्त लागते. आकडा लहान वाटतो, पण दोन टायरांतला फरक दहा टक्क्यांवर थांबत नाही. युरोपात टायरवर ए ते ई अशी इंधनाची श्रेणी छापतात. त्या हिशेबाने प्रवाशांसह १,६०० किलो भरणारी गाडी सपाट रस्त्यावर चालती ठेवण्यासाठी ए श्रेणीच्या टायरांना फार तर १०.४ किलोचा जोर पुरतो, तर ई श्रेणीच्या टायरांना १७ किलो किंवा त्याहून अधिक लागतो.

दिसायला दमदार म्हणून मोठा टायर घालणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, कारण ती करणारा माणूस जादा पैसे मोजून करतो. देवरुखकडचे एक निवृत्त गुरुजी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. त्यांच्या गाडीचे मूळ माप २१५/६० आर १७ होते, म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १७ इंची. वाडीपर्यंतचा शेवटचा तुकडा कच्चा, जांभ्या दगडाचा आणि पावसात चिखलाचा, म्हणून मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी दुसरीकडून २२५/६५ आर १७ मापाचे, जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर बसवून घेतले होते. गाडी रुबाबदार दिसत होती यात शंका नाही. मात्र आधी लिटरला २३ देणारी ती गाडी आता साडेएकोणीस देत होती, आणि गुरुजींनी प्रत्येक टाकीचा हिशेब शाळेच्या हजेरीपटासारखा वहीत आखून ठेवलेला असल्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

मी त्यांना आधी गणित करून दाखवले. मूळ टायरचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर आणि नव्याचा सुमारे ७२४, म्हणजे पाच टक्के जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी आता पाच टक्के जास्त अंतर तोडते, पण मीटरला ते कळत नाही, कारण तो चाकाच्या फेऱ्या जुन्या मापाने मोजतो. मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०५ चाललेली असते. या दुरुस्तीने साडेएकोणीसचे साडेवीस होतात, म्हणजे पडलेल्या साडेतीन किलोमीटरपैकी एक नुसता कागदावरचा होता. उरलेले अडीच मात्र खरोखर गेले होते: टायर वजनाने जड, नक्षीची ठोकळ्यासारखी बटणे रस्त्यावर लवलवणारी, आणि रुंदी जास्त. काटा पूर्वीच्याच आकड्यावर असताना गाडी पाच टक्के जोरात पळते हा धोका वेगळाच, आणि पुढची चाके पूर्ण वळवली की आतल्या मडगार्डचे प्लॅस्टिक घासल्याचा आवाज येत होता तोही वेगळा.

गुरुजींनी ते टायर विकून मूळ मापाचे घेतले आणि गाडी २२ वर आली. त्यांनी लगेच विचारले, "मग तो एक कुठे गेला?" त्या एकाकडे शेवटी येतो.

मूळ माप, मूळ लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि मूळ स्पीड अक्षर (तो किती वेग सोसतो ते अक्षर) यांच्यापासून मी ग्राहकाला हलू देत नाही, आणि त्याच मापातही कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर आहे का हे मालाच्या यादीत शोधून मगच मागवतो. त्याला दोन-चार दिवस लागतात. "आत्ता दुकानात आहे तोच घाला" म्हणणाऱ्या ग्राहकाला मी चहा देतो, टायर देत नाही.

तापलेल्या टायरची हवा तपासणे

नवा टायर रिमवर बसवताना कडा पक्की बसावी म्हणून हवा जास्त भरतात. ती नंतर उतरवायची राहून जाते, किंवा उतरवणारा पोऱ्या सगळ्या गाड्यांना तीस पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) या हिशेबाने उतरवतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेला असतो, आणि तो थंड टायरचा आकडा असतो. चिपळूणहून उन्हात दोन तास गाडी हाकत येऊन पंपावर हवा बघितली तर ती चार-पाच पीएसआय जास्त दिसते. मग माणूस घाबरून ती सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर स्टिकरपेक्षा तितकेच खाली बसलेले असतात. चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी झाला की अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्के पडते, म्हणजे पाच पीएसआयला एक टक्का गेला. त्याहून वाईट म्हणजे टायरचे दोन्ही खांदे घासतात.

उलट प्रकारही आहे. अ‍ॅव्हरेज वाढवायचे म्हणून काही उतावीळ मंडळी ४२-४४ पीएसआय भरून येतात. पहिल्या पावसात रस्त्यावर उतरलेल्या तांबड्या मातीच्या राडीवर अशा गाडीचा ब्रेक दाबून पाहावा, म्हणजे वाचलेल्या पेट्रोलची किंमत कळेल. हवा भरायच्या पाईपावरील घड्याळावर माझा विश्वास नाही. स्वतःचा गेज गाडीत ठेवावा आणि सकाळी गाडी हलवण्यापूर्वी पाहावे. नायट्रोजनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरवर खापर, दोष ब्रेकचा

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्यावर बोलण्याचा मला अधिकार आहे. गुहागरच्या बाजूला समुद्राला लागून घर असलेले एक बागायतदार ऑगस्टमध्ये चार नवे टायर घालून गेले आणि पंधरवड्यात परत आले. २२ चे १८ झाले होते. माप बरोबर, हवा बरोबर. मी अलाइनमेंट पुन्हा केले, हवा पुन्हा पाहिली, आणि शेवटी टायरच सदोष असावेत असे ठरवून वितरकाशी भांडून दोन टायर बदलून घेतले. फरक शून्य. तीन आठवडे मी त्या माणसाला फेऱ्या मारायला लावल्या.

एके दिवशी ते दहा-बारा किलोमीटर चालवून आले असताना मी सहज प्रत्येक रिमजवळ हाताची मागची बाजू नेली. तीन रिम थंड होते. मागच्या डाव्या रिमपाशी चुलीजवळ बसल्यासारखी धग होती. गाडी वर घेऊन चाक काढले तेव्हा ब्रेक कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यांपैकी एक पीन गंजून जागच्या जागी धरलेली निघाली. पॅड डिस्कला कायम घासत होता, म्हणजे गाडी इतके दिवस एक ब्रेक लावून चालत होती. टायर बदलण्याच्या आधीपासूनच तो थोडा धरत असावा आणि पावसाने उरलेले काम केले असावे.

कोकणात हायब्रिड गाडीला हे दुखणे साध्या गाडीपेक्षा लवकर जडते, आणि त्याचे कारण सरळ आहे. हायब्रिड गाडीचा वेग बराचसा मोटरच कमी करते आणि त्यातून वीज बनवते. पॅड आणि डिस्क यांना काम कमी पडते. ज्या लोखंडाला काम नाही त्यावर खारा वारा आणि चार महिन्यांची ओल बसते. तेव्हापासून टायरचे कोणतेही काम असले तरी मी मागच्या चाकांसाठी हँडब्रेक सोडून, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, वर घेतलेले चाक दोन बोटांनी फिरवून पाहतो. ते हलकी खरखर करत फिरले पाहिजे. बोटे सोडताच थांबले तर पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून, रबरी टोप्या फाटलेल्या असल्यास बदलून बसवतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना मी सांगतो की आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, तीन-चार वेळा जरा जोराने ब्रेक दाबावा, म्हणजे पॅडला काम मिळते.

अलाइनमेंट "पुढच्या वेळी" करणे

महामार्गाच्या कामातले वळणरस्ते आणि पावसाळ्यातले खड्डे यांतून आलेल्या गाडीत पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बिघडलेला नसेल तर मला आश्चर्य वाटते. टो बिघडला की चाक सरळ लोळत नाही. ते किंचित तिरके घसरत पुढे जाते, आणि त्या घसरण्याचे पेट्रोल आपण भरतो. उतरवलेल्या जुन्या टायरवर तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या लागल्या, तर नव्या टायरचीही तीच गत होणार. अलाइनमेंटचे पैसे वाचवण्यासाठी चार नवे टायर तिरके घासणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत, कारण साचलेल्या पाण्यावर गाडीचा मागचा भाग घसरला तर ती आवरत नाही. टायर कधी बनला हे कळायला त्याच्या कडेवरील क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. गाडी जॅकवर घेण्यापूर्वी ती पूर्ण बंद करावी आणि चावी दूर ठेवावी, कारण "रेडी" अवस्थेतली हायब्रिड गाडी आवाज करत नाही आणि तिचे इंजिन आपल्या मर्जीने सुरू होते. जॅक खुणेच्या जागीच लावावा. खालून गेलेल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या विजेच्या असतात.

घाट उतरून काढलेले अ‍ॅव्हरेज

आंबा घाट उतरून आलेला माणूस पडद्यावर २८ दाखवतो आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोहोचून १७ चा फोटो पाठवतो. दोन्ही आकडे निरुपयोगी आहेत. या गाड्यांची बॅटरी एक युनिट वीजही साठवत नाही; लांब उतारावर ती थोड्याच वेळात भरते आणि पुढच्या उताराची ताकद वाया जाते, म्हणून चढताना गेलेले सगळे उतरताना परत येत नाही. मोजायचे तर जाऊन-येऊन मोजावे.

त्याचप्रमाणे डिसेंबरमधले जुन्या टायरचे अ‍ॅव्हरेज आणि जुलैमधले नव्या टायरचे अ‍ॅव्हरेज यांची तुलना करू नये. रस्त्यावरचे पाणी कापत जायला टायरला ताकद लागते, काचा धुक्याने भरू नयेत म्हणून एसी अखंड चालू असतो, आणि खड्ड्यांमुळे वेग सारखा तुटतो. माझी पद्धत जुनाट आहे: एकच पंप, एकच नळी, पहिल्या "खट्" आवाजाला भरणे बंद, सलग तीन टाक्या, आणि वहीत तारीख, मीटर, लिटर व पाऊस होता की नव्हता एवढी नोंद. नव्या टायरांवर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर होईपर्यंत मी ती वही उघडतही नाही. ज्यांना दुकानातून घरी पोहोचेपर्यंत निकाल हवा असतो त्यांनी मला फोन करू नये.

आता गुरुजींचा तो एक किलोमीटर. उतरवलेल्या मूळ टायरवर जेमतेम दोन मिलिमीटर नक्षी उरलेली होती आणि नव्यावर आठ होती. सहा मिलिमीटर त्रिज्येत म्हणजे बारा मिलिमीटर व्यासात, आणि ६९० च्या व्यासावर ते सुमारे पावणेदोन टक्के होतात. घासलेला लहान टायर जास्त फेऱ्या मारतो, त्यामुळे जुने २३ मुळातच थोडे फुगलेले होते; या हिशेबाने त्यातले जवळजवळ चाळीस शतांश गेले. उरलेले खोल नक्षीचे आहे, कारण उंच रबर जास्त लवते आणि जास्त तापते. घासून गुळगुळीत होत आलेला टायरच सर्वांत हलका चालतो, आणि तोच पावसात पाण्यावर तरंगतो, म्हणून नक्षीतली १.६ मिलिमीटरची झिजेची खूण दिसली की अ‍ॅव्हरेजच्या लोभाने तो आणखी एक पावसाळा ओढू नये. गुरुजींनी हे सगळे वहीच्या समासात लिहून घेतले. पुढच्या मार्चमध्ये चाकांची अदलाबदल करायला आले तेव्हा त्यांनी वही काउंटरवर उघडून ठेवली. शेवटच्या तीन टाक्यांची सरासरी २२.४ होती.