हिरागाना-काताकाना शिकताय? या चुका टाळा

जपानी शिकायला बसलेला मराठी माणूस वहीत एक काम हमखास करतो: प्रत्येक जपानी अक्षरावर बारीक देवनागरी लिहून ठेवतो. आठवडाभर बरं वाटतं. मग नजर वरच्या ओळीवरूनच फिरायला लागते आणि खालचं अक्षर एकटं समोर आलं की ओळखू येत नाही. उच्चार कळेपर्यंत देवनागरी ठीक, नंतर खोडरबर फिरवा.

हिरागाना आणि काताकाना या दोन्ही जपानी लिप्यांत मूळ अक्षरं ४६. क्रम आ, इ, उ, ए, ओ. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटणारच, बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेल्या संस्कृत वर्णविचाराची ती छाप आहे. म्हणून तक्ता पटकन पाठ होतो, पण मधलंच 'नु' विचारलं की गाडी 'ना'पासून सुरू! अक्षरांच्या चिठ्ठ्या करून उलटसुलट ओळखा.

'त'च्या ओळीत ता, चि, त्सु, ते, तो येतात. 'त्सु' बघून घाबरायचं कारण नाही. 'चूल'मधला च म्हणा, झालं. 'चि' मात्र चिंचेतला.

खरी गोची मात्रांची, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेची. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो काटेकोर, बोलतो ढिसाळ. जपानीत ते चालत नाही. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, 'बा' एक मात्रा लांबवला की आजी. मावशीला आजी केलंत तर काय होईल ते सांगायला नको. उपाय म्हणजे प्रत्येक मात्रेला एक टाळी. तोक्यो हिरागानात तो-उ-क्यो-उ असं लिहितात, टाळ्या चार. पण तो 'उ' वाचायचा नाही, आधीचा 'ओ' लांबवायचा. काताकानात हेच काम एक रेघ करते. छोट्या आकाराचा 'त्सु' दिसला तर तोही वाचू नका, पुढचं व्यंजन दुप्पट करा: 'ओतो' म्हणजे आवाज, 'ओत्तो' म्हणजे नवरा. या थांब्यालाही एक टाळी.

काताकानातले 'शि' आणि 'त्सु' सगळ्यांनाच छळतात. नुसतं टक लावून पाहून फरक कळत नाही, हाताने लिहावं लागतं. 'शि'च्या दोन छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक, आणि मोठी रेघ खालून वर. 'त्सु'च्या छोट्या रेघा वर शेजारी-शेजारी, मोठी वरून खाली. 'न्' आणि 'सो' यांचंही हेच, फक्त छोटी रेघ एकच. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत लिहावं लागत नाही, पर्याय निवडायचे असतात, म्हणून बरेच जण लिखाण सोडतात. मग 'शि-त्सु' वर्षभर पाठ सोडत नाहीत.

'कोन्निचिवा' म्हणजे नमस्कार. त्याच्या शेवटी 'हा' दिसला तर छपाईची चूक समजू नका. १९४६ साली लेखन उच्चाराप्रमाणे सुधारलं, तरी काही जुनी रूपं ठेवली. प्रत्यय म्हणून येणारा 'हा' वाचायचा 'वा', 'हे' वाचायचा 'ए'.

आणि हिरागानातले 'कि' आणि 'सा' छापील फाँटमध्ये बऱ्याचदा खाली जोडलेले दिसतात. हाताने लिहिताना तिथे पेन उचलतात. मोबाइलवरचं अक्षर पाहून गिरवू नका, हस्ताक्षराचा नमुना समोर ठेवा.